शब्दकोडे सोडवा, पण औषध समजून नको

वसमत हे नाव लिहायला अगदी सोपे आहे. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षरही नाही. ही चार अक्षरे चार चिठ्ठ्यांवर लिहून कुणापुढेही ठेवा आणि शब्द जुळवायला सांगा. ‘मत’, ‘सम’, ‘तम’ हे लगेच सापडतात. थोडे थांबले की ‘सवत’ मिळते. काना-मात्रांची मुभा दिली की ‘समता’ येते, ‘तवा’ येतो, ‘तास’ आणि ‘सात’ येतात. चारही अक्षरे वापरणारा दुसरा शब्द शोधायला मात्र वेळ लागतो. तो शब्द आहे ‘सोमवती’. अमावास्येच्या मागेपुढे रोज कानावर पडणारा हा शब्द गावाच्या नावात दडलेला होता हे कळल्यावर जो आनंद होतो, त्याच आनंदावर जगभरातली शब्दकोडी आणि अक्षरांचे खेळ उभे आहेत.

अलीकडे या आनंदाला भीतीची जोड दिली गेली आहे. ‘रोज एक शब्दकोडे सोडवा, विस्मरणाचा आजार होणार नाही’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. निवृत्त माणसाला डॉक्टरांपासून नातवापर्यंत सगळे हाच सल्ला देतात. सल्ला वाईट नाही, पण त्यामागचा दावा विज्ञानाने जेवढा सिद्ध केला आहे त्यापेक्षा मोठा आहे. शिवाय ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या माणसांचे काय, याचा विचार या सल्ल्यात नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात तो विचार टाळता येत नाही.

आधी मेंदू हे काम करतो कसे ते पाहू. चार वेगळी अक्षरे २४ प्रकारे मांडता येतात. सात अक्षरे असतील तर ५,०४० प्रकार होतात. मराठीत प्रत्येक अक्षराला बाराखडीतले कोणतेही रूप घेता येते असे धरले, तर ‘वसमत’च्या चार अक्षरांच्याच ४,९७,६६४ मांडण्या होतात. संगणक त्या सगळ्या क्षणात तपासू शकतो. माणूस तसे करत नाही. तो ओळखीचे तुकडे शोधतो. ‘भगवती’, ‘लीलावती’ हे शब्द ज्याच्या ओठावर आहेत त्याला ‘व’ आणि ‘त’ दिसताच ‘वती’ सुचते; मग उरलेल्या ‘स’ आणि ‘म’पासून ‘सोम’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे काम सोपे झाले ते लाखो मांडण्या चाळून नव्हे, तर शब्दाचे शेपूट आधी पकडल्यामुळे.

मराठीत अक्षरे जुळवण्याची पहिली युक्ती हीच आहे. ‘णे’, ‘ता’, ‘पणा’, ‘दार’, ‘खोर’, ‘गिरी’, ‘णूक’ ही शेपटे अक्षरांत आहेत का ते आधी पाहावे. मग ‘अ’, ‘बे’, ‘गैर’, ‘सु’, ‘कु’ अशी सुरुवात होते का ते पाहावे. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सहसा सुरू होत नाही, म्हणून ही अक्षरे मधे किंवा शेवटी सरकवावीत. भेंड्या खेळताना ‘ळ’वर अडलेल्याला ‘ल’ची सवलत मिळते ती याच कारणाने. आणि काहीच सुचत नसेल तर अक्षरांचा क्रम मोडून ती गोलात मांडावीत. एकदा दिसलेला चुकीचा शब्द डोळ्यांसमोरून हलत नाही. जागा बदलली की त्याची पकड सुटते.

फरशीसारखे अक्षरांचे ठोकळे मांडून खेळायचा स्क्रॅबल हा प्रसिद्ध खेळ मात्र मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. अमेरिकेतील मंदीच्या काळात नोकरी गेलेला वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स याने वृत्तपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून ठोकळ्यांची संख्या आणि गुण ठरवले. म्हणून इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० ठोकळ्यांत ‘ई’चे १२ ठोकळे आहेत आणि प्रत्येकाला एकच गुण आहे; ‘क्यू’ आणि ‘झेड’चा एकेकच ठोकळा आहे आणि त्याला १० गुण आहेत. स्क्रॅबल हे नाव १९४८ मध्ये मिळाले. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात. मराठीत ३४ व्यंजनांची बाराखडीच ४०८ अक्षरांची होते आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी.

यावर घरगुती तोडगा आहे. ठोकळ्यावर फक्त व्यंजन लिहावे आणि काना-मात्रा खेळणाऱ्याच्या मर्जीवर सोडाव्यात. विभक्तीची रूपे चालणार नाहीत हे आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर ‘घराला’, ‘घराने’, ‘घरात’ करत डाव संपतच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे शंभर तुकडे केले की खेळ तयार. आडव्या-उभ्या शब्दांच्या सांध्यावर दोन्ही शब्दांची मात्रा एकच हवी, एवढा नियम ठेवला की खेळ पुरेसा अवघड होतो.

आता मुख्य प्रश्न. हे केल्याने बुद्धी वाढते का? या खेळातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचे उदाहरण बोलके आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. २०२४ मध्ये त्याने स्पॅनिश भाषेतही तेच केले. त्याने शब्दांचे अर्थ शिकले नव्हते, तर अक्षरांचे क्रम पाठ केले होते. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात पेनी पेक्समन आणि सहकाऱ्यांनी स्पर्धेत खेळणाऱ्या स्क्रॅबलपटूंचा अभ्यास केला. समोरची अक्षरे म्हणजे खरा शब्द आहे की नाही हे ते इतरांपेक्षा लवकर ओळखत होते आणि उभ्या लिहिलेल्या शब्दांतही त्यांना फारशी अडचण येत नव्हती. त्यासाठी ते अर्थावर कमी अवलंबून होते. पण अक्षरांऐवजी चिन्हे वापरून तशीच परीक्षा घेतली तेव्हा त्यांची ही आघाडी टिकली नाही. थोडक्यात, ज्याचा सराव केला ते सुधारले आणि शेजारचे काम होते तिथेच राहिले.

अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीचाही हाच निष्कर्ष होता. ६५ वर्षांवरील २,८०२ जणांना गट पाडून स्मरण, तर्क किंवा आकलनाचा वेग यांचे प्रशिक्षण दिले. ज्या गटाला जे शिकवले त्यात तो गट सुधारला. स्मरणाच्या सरावाने तर्क सुधारला नाही आणि तर्काच्या सरावाने वेग वाढला नाही.

शब्दकोड्यांच्या बाजूनेही पुरावा आहे आणि तो दडवायचे कारण नाही. विस्मरणाची सौम्य लक्षणे दिसू लागलेल्या १०७ जणांवर अमेरिकेत ७८ आठवडे चाललेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांना संगणकावरचे ‘मेंदूचे व्यायाम’ दिले, अर्ध्यांना शब्दकोडी. संशोधकांना व्यायाम सरस ठरतील असे वाटले होते, पण शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती थोडी बरी राहिली. मात्र या चाचणीत काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे शब्दकोडी महागड्या व्यायामांपेक्षा वाईट नाहीत एवढे त्यातून म्हणता येते. ती आजार थांबवतात असे म्हणता येत नाही.

बाकीचा बराचसा पुरावा निरीक्षणांचा आहे. कोडी सोडवणाऱ्या, वाचणाऱ्या, पट मांडून खेळणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश कमी दिसतो, हे अनेक पाहण्यांत आढळले आहे. पण कोडी सोडवणारे बहुतेक शिकलेले असतात, बऱ्या परिस्थितीतले असतात. शिवाय ज्याची स्मृती ढासळू लागली आहे तो माणूस कोडे आपणहून बाजूला ठेवतो. कोडे सोडल्यामुळे आजार झाला की आजार सुरू झाल्यामुळे कोडे सुटले, हे निरीक्षणातून सांगणे अवघड असते.

शब्दकोड्यांवर भलतेच ओझे लादण्याची ही पहिली वेळ नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिले आधुनिक शब्दकोडे आले. पुढे भारतातही कोड्यांचे पीक आले आणि त्यांना पैशाची हाव चिकटली. प्रवेश शुल्क भरून कोडे सोडवायचे आणि मोठे बक्षीस मिळवायचे, अशा स्पर्धांनी मुंबई राज्यातल्या हजारो घरांना नादी लावले. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून चालणाऱ्या आर.एम.डी.सी. स्पर्धेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ मध्ये न्यायालयाने ती स्पर्धा म्हणजे जुगार असल्याचा निर्णय दिला. आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळणे हे शब्दज्ञानापेक्षा नशिबावर अधिक अवलंबून होते. त्याआधी १९५५ मध्ये केंद्राने कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती.

तेव्हा हाव विकली जात होती, आता भीती विकली जाते. मेंदूच्या खेळांचे ‘लुमोसिटी’ हे ॲप चालवणाऱ्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. वयाबरोबर येणारे विस्मरण आणि स्मृतिभ्रंश या खेळांनी टळतो असा दावा तिने जाहिरातींत केला होता आणि त्याला पुरेसा आधार नव्हता, असे आयोगाचे म्हणणे होते. हाच निकष आपल्या घरच्या गोष्टींनाही लावला पाहिजे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान सगळ्यांना आहे. पण हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी अल्झायमर बरा होतो हे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. हळद भाजीत हवी, कोडे फावल्या वेळात हवे. दोन्हीही चांगले, पण दोन्हीही औषध नव्हे.

दुसरी गल्लत अधिक गंभीर आहे. अक्षरांवरचे प्रभुत्व म्हणजेच बुद्धी, असे आपण नकळत मानतो. डॉक्टरही त्यातून सुटले नव्हते. स्मृतिभ्रंश तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली १९७५ मध्ये तयार झाली. तिच्यात एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगायची असतात आणि कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसे करायचे असते. ज्याने शाळा पाहिली नाही त्याची बुद्धी शाबूत असली तरी तो या प्रश्नांत नापास होणार. हरियाणातील बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० च्या दशकात या प्रश्नावलीचे हिंदी रूप बनवले, तेव्हा अक्षरे उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगायला लावले. लेखी सूचनेऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगितले. बदल साधा होता, पण निरक्षर माणसाला विनाकारण आजारी ठरवणे त्यामुळे टळले.

आपल्या भागात याचे महत्त्व मोठे आहे. आज पंचाहत्तरी ओलांडलेली इथली माणसे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्या १९४८ च्या आसपास जन्मलेली. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात शाळा थोड्या होत्या आणि शिक्षण उर्दूतून होते. राज्य बदलले तरी खेड्यापाड्यात शाळा पोचायला वर्षे गेली आणि मुलींपर्यंत ती आणखी उशिरा पोचली. त्या पिढीतल्या अनेक आजींना शब्दकोड्याची चौकट निरुपयोगी आहे. पण म्हणून त्यांच्याकडे शब्द कमी होते का? हेमा राइरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुसंख्य बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. उखाणे रचणे, हुमाण घालणे, भेंड्या लावणे हे सगळे शब्द शोधण्याचे आणि जुळवण्याचेच काम आहे. फरक एवढाच की त्याला कागद लागत नाही. घरातल्या आजोबांना वर्तमानपत्र आणि आजीला रिकामी दुपार, अशी वाटणी असेल तर आजीबरोबर रोज दोन हुमाणे घालायला काय हरकत आहे?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मात्र आपण आता खुंटीला टांगली पाहिजे. म्हातारपणी विसरायचेच, असे मानल्यामुळे खरा आजार ओळखायला वर्षे लागतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. ज्यांच्यापर्यंत कोड्याचा सल्लाही पोचत नाही त्यांनाच धोका जास्त आहे.

मग ओळखायचे कसे? चष्मा कुठे ठेवला हे विसरणे हा आजार नव्हे. माणूस आधी जे सहज करत होता ते त्याला आता जमेनासे झाले आहे का, हे पाहायचे. वर्षानुवर्षे कोडे पूर्ण करणारे काका आता अर्ध्यावर सोडून चिडतात. बाजारात सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करणारी आजी गोंधळते. रोजची भाजी करताना पुढे काय घालायचे ते आठवत नाही. ओळखीच्या वाटेवर चुकते, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो. असे काही महिने दिसत असेल तर डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही विस्मरण येते आणि त्यावर उपचार होतात. ‘म्हातारचळ’ म्हणून घरात बसवलेला माणूस एका साध्या इंजेक्शनाने सुधारण्यासारखा असू शकतो. आणि एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, बोलणे बिघडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे थांबायला वेळ नसतो.

टाळण्यासारखे काय आहे तेही आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणांची यादी दिली. त्यांवर काम केले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. बालपणी शिक्षण कमी मिळणे, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अति मद्यपान, स्थूलपणा, हालचाल नसणे, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण ही ती कारणे. शब्दकोडे न सोडवणे हे या यादीत नाही. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला भेंड्यांत भाग घेता येत नाही, मोतीबिंदू झालेल्याला चौकट दिसत नाही, आणि तो हळूहळू घरातल्या घरात एकटा पडतो. त्याच्यासाठी कोड्यांच्या पुस्तकापेक्षा श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधी हवी.

म्हणून मागणीही तशीच असली पाहिजे. नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने विरंगुळा केंद्र उघडले तर तिथे कॅरमबरोबर मोठ्या अक्षरांचे ठोकळे ठेवावेत, आणि त्याच ठिकाणी महिन्यातून एकदा रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासले जावेत. नवसाक्षरांसाठी चालणाऱ्या ‘उल्लास’ कार्यक्रमात अक्षरे जुळवण्याचा खेळ सहज बसतो. साठीतल्या बाईला धडा गिरवण्यापेक्षा आपल्या गावाच्या नावातून शब्द काढायला अधिक मजा येईल. शाळांनी मुलांना स्क्रॅबलच्या जोडीला मराठी ठोकळेही द्यावेत. शिक्षण हेच पुढच्या आयुष्यातले सर्वांत जुने संरक्षण आहे, आणि ते साठीत नव्हे तर सहाव्या वर्षी सुरू होते. मुलीची शाळा मधेच सोडवणारे घर तिच्या सत्तरीतली स्मृतीही पणाला लावत असते.

खेळणाऱ्यांना शेवटचा सल्ला इतकाच. रोज तेच सोपे कोडे झरझर भरण्यात सराव आहे, मेहनत नाही. थोडे अडेल असे घ्या, प्रकार बदलत राहा आणि शक्यतो एकट्याने सोडवू नका. शेजारी कुणी बसलेला असेल तर शब्द अडल्यावर गप्पा होतात, वाद होतात, जुनी आठवण निघते. कोडे नाही सुटले तरी तो तास वाया जात नाही. कोडे पुरे झाले की उठून अर्धा तास चालून या, आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका.